आधी लांबी बघा, किलो मग

हॅमॉकच्या पिशवीवर दोन गोष्टी ठळक छापलेल्या असतात: किती किलो वजन पेलतो आणि ‘सिंगल’ आहे की ‘डबल’. रात्रभर झोप लागेल की पहाटे तीनला पाठ धरून उठावं लागेल, हे या दोन्हींवरून कळत नाही. ज्यावरून कळतं ती कापडाची लांबी मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते, आणि कित्येकदा तीही दोऱ्यांसकट मोजलेली असते. नवख्याची पहिली खरेदी फसते ती इथंच. दुपारी आमराईत तासभर लोळायला कुठलाही हॅमॉक चालतो. रात्रीचे सात-आठ तास काढायचे असतील तर हिशेब वेगळा.

आपल्या भागात हा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. निपाणीतून देवगडचा रस्ता धरला की मुरगूड, मुदाळतिट्टा करत राधानगरी-दाजीपूर. संकेश्वरावरून गडहिंग्लज, आजरा ओलांडलं की आंबोली. बेळगावच्या पुढं खानापूरचं जंगल. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला यांतल्या कुठल्याही ठिकाणी पोचतो, आणि तिन्हीकडं तंबूवाल्याची तक्रार एकच: सपाट जागा नाही. जमीन उताराची, जांभ्याची, नाहीतर मुळांनी उचललेली. तंबूला पाठ टेकण्याइतकी सपाट, कोरडी जमीन लागतेच. हॅमॉकला दोन चांगली झाडं मिळाली की खाली दगड असोत की चिखल, त्याचं काही अडत नाही.

उंचावर झोपण्याचं आणखी एक कारण आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मण्यार रात्री फिरते, आणि तिच्या दंशाच्या हकिकती बहुतेक जमिनीवर झोपलेल्या माणसांच्याच असतात. दंश दुखत नाही, सूज फारशी येत नाही, त्यामुळे कित्येकांना तो झाल्याचंही उशिरा कळतं. शेतात राखणीला मचाण बांधायचे ते रानडुकरांवर नजर ठेवायला जेवढं, तेवढंच किरडू-विंचवापासून वर राहायला. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच टांगलेल्या कापडानं हे काम बऱ्यापैकी होतं.

पण धडधाकट माणूस रात्रभर झोळीत झोपू शकतो का, ही शंका रास्त आहे. मेक्सिकोच्या युकातान भागात घराच्या भिंतींना हॅमॉकसाठी हूक बसवलेले असतात आणि घरंच्या घरं रोज त्यातच झोपतात. कोलंबस 1492 मध्ये बहामा बेटांवर उतरला तेव्हा तिथली माणसं सुती जाळ्यांच्या झोळ्यांत झोपत होती. युरोपच्या जहाजांवर खलाशांची बिछायत म्हणून झोळी गेली ती तिथूनच. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये बारा पुरुषांना हळूहळू हलणाऱ्या पलंगावर 45 मिनिटं दुपारी झोपवून पाहिलं. स्थिर पलंगापेक्षा त्यांना झोप लवकर लागली आणि खोलही लागली. हॅमॉक विकणारे हा प्रयोग हौसेनं सांगतात, पण त्यात हॅमॉक नव्हता, सपाट पलंग होता, आणि तो यंत्र हलवत होतं. त्यातून घ्यायचं ते एवढंच की हलत्या बिछान्यावर झोप मोडते असं नाही. पाठीचं काय, हा प्रश्न त्यानं सुटत नाही. तो लांबीनं सुटतो.

हॅमॉकमध्ये सरळ, म्हणजे दोन टोकांच्या रेषेत झोपलं की माणसाचं केळं होतं. म्हणून तिरकं झोपायचं. मधोमध बसा, आडवे व्हा, मग दोन्ही पाय हातभर डावीकडं सरकवा आणि डोकं तेवढंच उजवीकडं. कापड दोन्ही बाजूंनी पसरतं, टाचा खाली येतात, कंबर सपाट होते आणि कुशीवर वळायलाही जागा मिळते. हे जमायला कापडात ऐसपैसपणा लागतो, आणि तो रुंदीपेक्षा लांबीतून येतो. साडेपाच फुटांच्या माणसानं दहा फुटांच्या खाली जाऊ नये. अकरा फूट मिळाला तर उत्तम. बाजारातले बरेचसे स्वस्त हॅमॉक साडेआठ-नऊ फुटांचे असतात. त्यात कितीही तिरके व्हा, पोटरीखाली कापडाची एक कडक घडी राहते आणि गुडघा उलटा ताणला जातो. पहिल्या दहा मिनिटांत ती जाणवत नाही, मध्यरात्री जाणवते. दुकानात हॅमॉक टांगून दाखवत असतील तर पडून पाहताना पोटरीकडंच लक्ष ठेवावं. तान्ह्या पोराला साडीच्या झोळीत कुठल्याही कोनात झोप लागते, कारण पोर दोन फुटांचं आणि साडी पाच वारांची; मोठ्या माणसाला ती चैन नाही.

‘डबल’ हा शब्द तर निव्वळ फसवा. डबल हॅमॉक म्हणजे साधारण साडेसहा फूट रुंद कापड. त्यात दोघं बसून गप्पा मारू शकतात, पण झोपायला गेले की दोघंही मधल्या खोलगटात एकमेकांवर येतात. नवराबायको असोत की जिगरी दोस्त, रात्री दोन वेगळे हॅमॉक. एकट्याला मात्र डबल उपयोगी पडतो, कारण रुंद कापड अंगावर ओढून घेता येतं.

आता बाजारात काय काय दिसतं ते बघू. कोकणातल्या रिसॉर्टवर दोन टोकांना लाकडी दांडा लावलेला, सुती जाळीचा हॅमॉक असतो. दिसायला सगळ्यांत देखणा आणि झोपायला सगळ्यांत वाईट. दांड्यामुळे कापड सपाट ताणलं जातं, तोल वर जातो, आणि झोपेत कूस बदलली की माणूस खाली. तो फोटोपुरता. जाड सुती कापडाचा हॅमॉक अंगाला छान लागतो, उन्हाळ्यात घाम टिपतो, म्हणून घरच्या ओसरीवर जरूर टांगावा; पण दव पडलं की तो ओला, ओला झाला की जड, आणि दुसऱ्या दिवशी वाळत नाही. राहिला पातळ नायलॉनचा, ज्याला सगळे पॅराशूट हॅमॉक म्हणतात. दोन्ही टोकांना कापड चुणून गोळा केलेलं, मुठीत मावेल एवढी घडी, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. नवख्यानं याच जातीतला घ्यावा. यालाच मच्छरदाणी शिवलेली मिळते, आणि आपल्या हवेत ती शिवलेली घेणंच शहाणपणाचं. वेगळी दाणी पहिल्या दोन वेळी बरोबर येते आणि तिसऱ्यांदा घरी राहते.

कॅनडातल्या टॉम हेनेसीनं लोकप्रिय केलेला एक प्रकार आहे, ज्यात कापडच तिरकं कापलेलं असतं आणि वरून एक ठरावीक मापाची दोरी जाते. ती दोरी, म्हणजे रिजलाइन, ही चांगली कल्पना आहे. झाडं जवळ असोत वा लांब, हॅमॉकचा झोल दर वेळी तोच राहतो. महागडा हॅमॉक न घेताही ती स्वतः बांधता येते: कापडाच्या लांबीच्या साधारण 83 टक्के, म्हणजे अकरा फुटी कापडाला नऊ फूट एक इंच. न ताणणारी बारीक दोरी घ्यायची, मच्छरदाणी आणि चष्म्याची पिशवीही तिच्यावरच अडकते.

आपल्याकडं आणखी एक वाट आहे आणि ती मला दुकानापेक्षा आवडते. निपाणीत, संकेश्वरात ताडपत्री शिवणारे आहेत. तंबाखूच्या व्यापारानं आणि शेतीनं त्यांना काम दिलं आहे. नायलॉन टॅफेटाचं साडेअकरा फूट कापड न्यायचं, चारी कडा दुमडून घ्यायच्या आणि दोन्ही टोकांना दोरी जाईल एवढी नळी पॉलिएस्टर दोऱ्यानं तीन शिवणींत शिवून घ्यायची. नाडीसारखी दोरी ओवून टोक चुणलं की हॅमॉक तयार. यात अवघड असं काही नाही, आणि लांबी आपल्या उंचीला बेतता येते. फक्त शिंप्याला आधी सांगावं की यावर माणूस झोपणार आहे.

कापडानंतर पट्टे. बरेच जण इथं काटकसर करतात आणि घरातली नायलॉनची दोरी नेतात. दोन तोटे होतात. बारीक दोरी सालीत रुतते आणि झाड कापते. आंब्याच्या सालीवरचा तो वळ वर्षभर दिसतो आणि शेतमालक पुढच्या वेळी येऊ देत नाही, हे त्याचं बरोबरच आहे. दुसरं, नायलॉन वजनानं ताणतं, शिवाय दव लागलं की आणखी सैल पडतं. दोन फुटांवर टांगलेला माणूस पहाटे जमिनीला टेकलेला असतो. इंचभर रुंद पॉलिएस्टरचा पट्टा घ्यावा, निदान दहा फुटांचा. ट्रकवर माल आवळायला वापरतात त्याच जातीचा, नवा घेतलेला, चालतो. साखळीसारखे कप्पे शिवलेले पट्टे नवख्याला सोपे: हूक अडकवला, उंची बदलली, झालं. गाठी येणाऱ्यानं साधा पट्टा घ्यावा. मात्र निरगाठीच्या भरवशावर झोपू नये. वजनानं ती सरकते किंवा इतकी आवळते की सकाळी सुरीच काढावी लागते.

पट्टा किती ताणायचा, हा खरा विज्ञानाचा भाग. नवखा माणूस हॅमॉक पलंगासारखा सपाट व्हावा म्हणून खेचून बांधतो. बांधल्यावर तो सपाट दिसतो, झोपल्यावर दोन्ही कडा खांद्यांवर चढतात, आणि पट्ट्यांवर किती ओढ येते ते डोळ्यांना दिसतच नाही. 75 किलोच्या माणसाचं उदाहरण घ्या. पट्टा आडव्या रेषेशी 30 अंशांत असेल तर प्रत्येक बाजूला ओढ 75 किलोची. 15 अंशांत तीच 145 होते. 10 अंशांत 216. आणि तारेसारखा ताणून 5 अंशांत बांधला तर 430 किलो, तेही माणूस गप्प पडलेला असताना. धपकन बसला तर त्याहून जास्त. ‘200 किलो पेलतो’ छापलेला हॅमॉक साठ किलोच्या पोराखाली फाटतो तो या कोनामुळे. अंगठा आणि पहिलं बोट काटकोनात पसरा, बोट आडवं धरा. दोन्हींच्या टोकांना जोडणाऱ्या रेषेचा जो उतार दिसेल त्यापेक्षा पट्टा थोडा कमी तिरका असला की काम झालं. झाडांमध्ये बारा ते पंधरा फूट अंतर, पट्टा साधारण डोक्याच्या उंचीला, आणि बसल्यावर कापड खुर्चीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून दीड फुटावर. पायाकडची बाजू वीतभर उंच ठेवावी, नाहीतर माणूस रात्रभर पायांकडं घसरत राहतो.

झाडांची पारख आपल्या लोकांना शिकवायला नको, तरी शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन ही भरवशाची. खोड मांडीएवढं तरी हवं. निलगिरी, गुलमोहर आणि रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ यांच्या फांद्या काही कारण नसताना मोडतात. नारळाखाली हॅमॉक फक्त चित्रांत शोभतो. बांधण्याआधी मान वर करून वाळकी फांदी, आग्या मोहोळ आणि पानं चिकटवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी बघावीत. आंबोलीच्या बाजूला पावसाळ्यात चापडा साप फांदीवर वेटोळं करून बसलेला असतो, कधी हिरवा, कधी अगदी सुक्या सालीच्या रंगाचा. म्हणून झाडाला हात लावायच्या आधी टॉर्च.

थंडीचा मुद्दा वाचून लोकांना हसू येतं. निपाणीत कसली थंडी? पण डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा इथंही पंधराच्या आसपास येतो आणि घाटमाथ्यावर त्याहून खाली. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पाठीला जमीन थोडीफार ऊब धरून देते. हॅमॉकखालून वारा वाहत असतो. अंगाभोवती दोन वाकळा गुंडाळा, उपयोग नाही, कारण पाठीखालची वाकळ अंगाच्या वजनानं दबते आणि दबलेल्या कापसात हवाच उरत नाही. वीसच्या खाली पारा गेला की पाठीखाली वेगळी सोय लागते. परदेशात त्यासाठी हॅमॉकच्या बाहेरून टांगायची खास रजई मिळते. उत्तम वस्तू, पण किंमत हॅमॉकच्या कितीतरी पट. नवख्यानं गुंडाळी होणारी साधी फोमची चटई घ्यावी, दोनशे-चारशे रुपयांची. ती सरकते खरी. उपाय असा की दुपदरी कापडाचा हॅमॉक असेल तर चटई दोन पदरांच्या मध्ये घालावी, नसेल तर झोपायच्या पिशवीतच. दुपदरी कापडाचा दुसरा फायदा डासांबाबत: वरून दाणी असली तरी पातळ एकेरी नायलॉनमधून डास खालून चावतात. चटई तीही वाट बंद करते.

गोचिडांबद्दल मात्र हॅमॉकवाले गैरसमज पसरवतात. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात 1957 मध्ये ओळखला गेलेला माकडताप गेल्या दशकात गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गापर्यंत पोचला. तो गोचिडांच्या चाव्यातून येतो, आणि त्यांचा सुळसुळाट कोरड्या महिन्यांत, म्हणजे नेमका आपल्या फिरण्याच्या हंगामात असतो. हॅमॉकमध्ये असेपर्यंत माणूस वर आहे हे खरं. पण पट्टे बांधताना तो पालापाचोळ्यात उभा असतो, सॅक खाली टेकलेली असते, बूट रात्रभर जमिनीवर असतात. पँटचे पाय मोज्यात खोचणं, सॅक झाडाला टांगणं, झोपण्याआधी टॉर्चच्या उजेडात घोटा, गुडघ्यामागची खोबण आणि कंबरपट्टा तपासणं हे करावंच लागतं. मेलेलं माकड दिसलं तर त्या जागी मुक्काम नको, वनखात्याला कळवायचं.

पावसाचं थोडक्यात. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर तिथं हॅमॉक टांगणं हा छंदाचा नव्हे, हट्टाचा भाग. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा खरा काळ. तरीही वर दहा बाय दहा फुटांचं छत असावं, निदान दवासाठी. हलकी ताडपत्री चालते, जड असली तरी पहिल्या वर्षी तीच पुरे. पट्ट्यावरून ओघळणारं पाणी हॅमॉकपर्यंत येऊ नये म्हणून हॅमॉकच्या अलीकडं पट्ट्याला सुती चिंधी बांधायची. पाणी तिच्यावरून खाली ठिबकतं. एप्रिल-मेमधल्या वळवाचा भरवसा नाही. आभाळ गडगडायला लागलं की उंच झाडाला बांधलेल्या माणसानं छताचा विचार करत बसू नये, उतरून गाडीत जाऊन बसावं.

कुठं टांगायचा, यात सीमाभागाची गंमत आहे. कोगनोळीच्या अलीकडं एक वनखातं आणि पलीकडं दुसरं, पण कायदा एकच, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. 1958 साली जाहीर झालेलं राधानगरी-दाजीपूर अभयारण्य असो की खानापूर तालुक्यातलं 2011 चं भीमगड, परवानगीशिवाय आत मुक्काम करता येत नाही. ‘आम्ही चूल पेटवत नाही, फक्त टांगतो’ हा युक्तिवाद गार्डपुढं चालत नाही, आणि चालू नयेही. दाजीपूरला गवे आहेत, भीमगडात अस्वलं आहेत, आजरा-चंदगडच्या बाजूला गेली वीसेक वर्षं हत्तींची ये-जा आहे. हत्तीला दोन झाडांमधला पट्टा दिसत नाही. अभयारण्याबाहेरच्या शेतघरांत, काजूच्या बागांत, मुक्कामाची सोय देणाऱ्या घरांच्या परड्यात मालकाला विचारून टांगावा. काजूच्या आडव्या, ठिसूळ फांद्या सोडून शेजारचा आंबा धरावा, एवढंच.

पैशांचा क्रम मी असा लावीन: आधी चांगले पट्टे, मग दहा-अकरा फुटी कापड दाणीसह, मग फोमची चटई, छत सगळ्यांत शेवटी. दोन-अडीच हजारांत हे बसवता येतं. शिंप्याकडून केलं तर त्याहून कमी. पहिली रात्र घाटात न काढता आपल्याच मळ्यात, बांधावरच्या दोन झाडांत काढावी. कोन, उंची, पायाकडची वीत यांतलं काय चुकतंय ते घर हाकेच्या अंतरावर असताना कळलेलं बरं.

आणि काहींनी हा नाद करूच नये. पालथं झोपणाऱ्याला हॅमॉक कधीच मानवत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्याला रात्री दोनदा उठून उतरणं जिकिरीचं होतं. लहान मुलांना त्यात एकटं झोपवू नये. ज्याला आंबोलीजवळच्या कावळेसादच्या उघड्या सड्यावर सूर्योदय बघायचाय, त्याला बांधायला झाडच मिळणार नाही. त्यानं सरळ तंबू घ्यावा.